संरक्षणाचा अर्ज कोणत्या टेबलावर जातो? मावळातले कार्यकर्ते आणि पोलीस नेतृत्व

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त वाचायला सोपं जावं म्हणून वाक्यं थोडी आवरली आहेत.)

लोणावळा म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? भुशी डॅम, टायगर पॉइंट, चिक्की आणि रविवारचं ट्रॅफिक. आजचा भाग त्याच परिसरावर आहे, पण विषय वेगळा आहे. मावळ तालुक्यात माहिती मागणारे, जमिनीचे कागद तपासणारे, पाण्यासाठी रस्त्यावर उतरणारे लोक एका बाजूला आणि पोलिसांचं वरिष्ठ नेतृत्व दुसऱ्या बाजूला, असा ताण गेली पंधरा वर्षं पुन्हा पुन्हा दिसतो. तो नेमका कुठून येतो, आणि तुमच्यावर वेळ आली तर कोणता दरवाजा ठोठवायचा, हे आज समजून घेऊ.

दोन घटना आधी सांगतो. दोन्ही मावळातल्या आहेत, आणि त्यांच्यात जेमतेम एकोणीस महिन्यांचं अंतर आहे.

तळेगाव, १३ जानेवारी २०१०

सतीश शेट्टी हे तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते होते. माहितीचा अधिकार कायदा २००५ मध्ये आला, आणि शेट्टींसारख्या लोकांनी तो सरकारी कपाटं उघडायची किल्ली म्हणून वापरला. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे झाल्यावर मावळातल्या जमिनींना सोन्याचा भाव आला होता. भाव आला की कागदांचे खेळही सुरू होतात. शेट्टींनी असे व्यवहार खणून काढले. लोणावळा परिसरातल्या जमिनींच्या कागदपत्रांत गैरव्यवहार झाल्याची तक्रार त्यांनी २००९ मध्ये लोणावळा पोलिसांकडे केली. त्यांना धमक्या येत होत्या. त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं. ते मिळालं नाही.

१३ जानेवारी २०१० ला सकाळी ते नेहमीप्रमाणे फिरायला बाहेर पडले, आणि तळेगावात भर रस्त्यात त्यांच्यावर धारदार शस्त्रांनी हल्ला झाला. त्यात त्यांचा मृत्यू झाला. मुंबई उच्च न्यायालयाने या खुनाची स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी तपास पुणे ग्रामीण पोलिसांकडून सीबीआयकडे गेला. २०१४ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. पुढच्या वर्षी तपास पुन्हा उघडला. एप्रिल २०१६ मध्ये सीबीआयने दोन पोलीस अधिकाऱ्यांना अटक केली. त्यांतला एक जण तर याच खुनाच्या सुरुवातीच्या तपासात होता. त्यांच्यावरचे आरोप सिद्ध झालेले नाहीत, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. पण आणखी एक गोष्ट तितकीच स्पष्ट सांगायला हवी: या खुनासाठी कोणालाही शिक्षा झालेली नाही.

बऊर, ९ ऑगस्ट २०११

दुसरी घटना पाण्याची. पवना धरणाचं पाणी तेव्हा नदीतून वाहत यायचं आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते रावेतला उचलायची. महापालिकेला धरणापासून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायची होती, सुमारे ३५ किलोमीटरची. शहराच्या बाजूने विचार केला तर मुद्दा सरळ: गळती कमी, प्रदूषण कमी. शेतकऱ्याच्या बाजूने बघा: नदीतून येणारं पाणी नळातून गेलं, तर नदीकाठच्या मोटारी काय उचलणार? त्यात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं जुनं दुखणं होतंच.

९ ऑगस्ट, म्हणजे क्रांती दिन. शेतकरी आणि त्यांच्यासोबत तेव्हाचे विरोधी पक्ष बऊरजवळ एक्सप्रेस वेवर उतरले. दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. कांताबाई ठाकर, शामराव तुपे आणि मोरेश्वर साठे हे तिघे गेले. जमाव हिंसक झाला होता, असं पोलिसांचं म्हणणं होतं. पण वाहिन्यांवर जी दृश्यं दिसली, त्यात पोलीस गाड्यांची तोडफोड करताना दिसत होते, आणि त्या दाव्यावर प्रश्न उभे राहिले. आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. सरकारने प्रकल्पाचं काम थांबवलं आणि निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला.

त्या काळच्या अधिकाऱ्यांची नावं मी मुद्दाम घेत नाहीये. अधिकारी बदलून जातात. खुर्ची तिथेच राहते, आणि आजचा विषय खुर्चीचा आहे.

एकच टेबल, चार कामं

या दोन घटना वरवर पाहता वेगळ्या आहेत. एकात एकटा माणूस, दुसऱ्यात मोठा जमाव. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. जिल्ह्याचं पोलीस कार्यालय एकाच वेळी चार कामं करतं.

एक, तुम्हाला संरक्षण द्यायचं की नाही हे ठरवणं. दोन, तुमच्या मोर्चाला, सभेला परवानगी देणं किंवा बंदोबस्त लावणं. तीन, तुमची तक्रार नोंदवून तपास करणं. आणि चार, तुमची तक्रार पोलिसांविरुद्धच असेल तर त्यावर पहिला अहवाल देणं.

शेट्टींचा संरक्षणाचा अर्ज आणि त्यांच्या खुनाचा सुरुवातीचा तपास एकाच पोलीस दलाकडे होता. बऊरला गोळी चालवणारं दल आणि आंदोलकांवर गुन्हे दाखल करणारं दल एकच होतं. अशा वेळी अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी लोकांचा विश्वास बसणं कठीण. आपल्याकडे म्हण आहेच, कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? मला वाटतं, कार्यकर्ते आणि पोलीस नेतृत्व यांच्यातल्या भांडणाचं मूळ इथे आहे. अमुक साहेब चांगले, तमुक साहेब वाईट या चर्चेने ते सुटत नाही.

तुमचं गाव कोणत्या पोलिसांकडे येतं?

ही गोष्ट मावळातल्या बऱ्याच तरुणांना माहीत नसते, म्हणून जरा थांबून सांगतो. २०१०-११ ला सगळा तालुका पुणे ग्रामीण पोलिसांकडे होता. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि तालुक्याचे दोन भाग झाले. तळेगाव दाभाडे, तळेगाव एमआयडीसी, देहूरोड ही ठाणी आयुक्तालयात गेली. लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत, वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीणकडे राहिली. ग्रामीणचे प्रमुख पोलीस अधीक्षक, त्यांचं कार्यालय पुण्यात पाषाणला. त्यांच्या वर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक.

फरक फक्त पत्त्याचा नाही. ग्रामीण भागात जमावबंदीचा आदेश काढायचा अधिकार जिल्हाधिकारी आणि महसूलच्या दंडाधिकाऱ्यांकडे असतो. म्हणजे पोलीस मागणी करतात, पण सही दुसऱ्या खात्याची असते. आयुक्तालयात तो अधिकार पोलीस आयुक्तांकडेच असतो. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घ्यायची जी ‘चॅप्टर केस’ असते, तिची सुनावणीही आयुक्तालयात सहायक आयुक्त दर्जाचा पोलीस अधिकारीच घेतो. सोप्या भाषेत, लोणावळ्यात मोर्चा काढणाऱ्याला निदान दोन खात्यांची टेबलं आहेत. तळेगावात दोन्ही टेबलं एकाच इमारतीत आहेत.

जमावबंदी आणि ती प्रसिद्ध नोटीस

पावसाळ्यात लोणावळ्याच्या धबधब्यांवर प्रतिबंधात्मक आदेश लागतात, ते तुम्ही पाहिले असतील. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर तर निर्बंध आणखी कडक झाले. हे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आता ते कलम १६३ आहे. पर्यटकाला पाण्यात उतरण्यापासून रोखणारं आणि आंदोलकाला चौकात जमण्यापासून रोखणारं कलम एकच आहे, हे लक्षात घ्या. पहिल्या वापराला आपण टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्या वेळी चिडतो. खरा प्रश्न दोन्ही वेळेला एकच असायला हवा: धोका खरा आहे का, आणि आदेश त्या धोक्यापुरताच आहे का?

दुसरा रस्ता महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा. पोटकलम ३ खालची जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणूनच दर पंधरवड्याला नवा आदेश निघाल्याच्या बातम्या येतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलंय की असे आदेश प्रसिद्ध करायला हवेत आणि रास्त मतभेद दाबायला ते वापरता येणार नाहीत. त्याच वर्षी शाहीन बागच्या निकालात न्यायालयाने असंही सांगितलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचायचे. आपल्या सोयीचा एकच उचलायचा नाही.

आता नोटीस. मोर्चाच्या आदल्या रात्री हवालदार घरी येतात किंवा व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते. पूर्वी तिला ‘१४९ ची नोटीस’ म्हणायचे, आता ती कलम १६८ ची. काही अनुचित घडलं तर तुम्हाला जबाबदार धरू आणि ही नोटीस पुरावा म्हणून वापरू, असा तिचा सूर असतो. घरचे घाबरतात. पण ही नोटीस म्हणजे गुन्हा नाही, अटकही नाही आणि शिक्षा तर नाहीच. ती पूर्वसूचना आहे. शांतपणे घ्या, तारीख-वेळ लिहून सही करा, आपली प्रत ठेवा, आणि आंदोलन शांततेत होणार आहे असं लेखी उत्तर द्या. प्रतिबंधात्मक अटक हा वेगळा विषय आहे, त्याचं कलम १७०. त्यात साधारणपणे २४ तासांच्या वर विनाआदेश ठेवता येत नाही.

पोलिसांच्या खुर्चीतून

न्याय दोन्ही बाजूंना हवा, म्हणून क्षणभर अधीक्षकांच्या खुर्चीत बसून बघू. शनिवार-रविवारी लोणावळ्यात अफाट गर्दी, एक्सप्रेस वे, व्हीआयपी दौरे, देहूची वारी, निवडणुका, आणि ठाण्यात मनुष्यबळ तेवढंच. एक्सप्रेस वे अडला तर अर्ध्या तासात मंत्रालयातून फोन. जमाव आटोक्यात आला नाही तरी ठपका, बळ जास्त वापरलं तरी ठपका. संरक्षण मागणाऱ्यांत खरोखर जीव धोक्यात असलेले असतात, तसे सोबत बंदूकधारी पोलीस मिरवायला हवा म्हणून मागणारेही असतात. माहिती अधिकाराच्या नावाखाली खंडणी मागणारेही सापडलेत. हे सगळं खरं आहे.

पण याचा अर्थ उलटा निघतो. अधिकाऱ्यावर इतका दाब असेल तर निर्णय त्याच्या एकट्यावर सोडणं त्याच्याही हिताचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह प्रकरणात हेच ओळखलं. याचिका करणारे प्रकाश सिंह स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक होते. वरिष्ठ पदांना निश्चित कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त यांची विभागणी, बदल्यांसाठी मंडळ आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, असे आदेश त्यात होते. म्हणजे पोलीस सुधारणेची मागणी ही फक्त झोळीवाल्या कार्यकर्त्यांची मागणी नाही. ती खात्याच्या आतूनही आलेली आहे.

जीवाला धोका असेल तर काय करायचं

शेट्टींच्या खुनानंतर काही गोष्टी बदलल्या. २०१३ मध्ये राज्य सरकारने माहिती अधिकार कार्यकर्त्यांच्या संरक्षणाबाबत शासन निर्णय काढला. धमकीच्या तक्रारीची वरिष्ठ अधिकाऱ्याने पडताळणी करावी आणि आयुक्तालय व जिल्हा पातळीवरच्या समित्यांनी आढावा घ्यावा, असं त्यात आहे. चांगलं पाऊल आहे, पण समिती पुन्हा पोलिसांच्याच छताखाली. केंद्राने २०१४ मध्ये जागल्यांच्या, म्हणजे आतली गडबड उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण अंमलात आणलाच नाही.

मग हातात काय उरतं? तीन गोष्टी.

पहिली: अर्ज तोंडी नको. पोलीस ठाणे, अधीक्षक किंवा आयुक्त, दोघांकडे लेखी द्या. धमकीची तारीख, वेळ, नंबर, रेकॉर्डिंग सगळं जोडा आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट करा.

दुसरी: अर्जाचं काय झालं हे माहिती अधिकारातच विचारा. नेहमीची मुदत ३० दिवस, पण कलम ७(१) मध्ये एक तरतूद आहे जी फार कमी जण वापरतात. माहिती जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. संरक्षणाच्या अर्जाचं काय झालं हा प्रश्न तिथे मांडायलाच हवा. दहा रुपयांत फाइलवर एक तारीख उमटते, आणि पुढे कोर्टात ती तारीख बोलते.

तिसरी: तुम्ही एखाद्या फौजदारी प्रकरणात साक्षीदार असाल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०१८ मध्ये लागू केली. तिथे निर्णय घेणाऱ्या समितीचे प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात. धोक्याचा अहवाल पोलीस देतात, पण शेवटची सही त्यांची नसते. टेबल वेगळं आहे, म्हणून हा रस्ता महत्त्वाचा.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची. एकट्याने अर्ज टाकू नका. तीच माहिती पाच जणांनी, पाच गावांतून मागा. एका माणसाला गप्प करून फाइल बंद होते असं वाटलं की माणूस धोक्यात येतो. केंद्रीय माहिती आयोगाने २०११ मध्ये याच विचाराने ठराव केला होता की अर्जदारावर हल्ला झाला किंवा त्याचा खून झाला, तर त्याने मागितलेली माहिती स्वतःहून जाहीर करायला लावायची.

तक्रार पोलिसांविरुद्धच असेल तर

दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असा घटनापीठाचा ललिता कुमारी निकाल २०१३ चा आहे. ठाण्याने नकार दिला तर कलम १७३(४) नुसार अधीक्षकांना लेखी कळवायचं, तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. मावळात त्यासाठी वडगावचं न्यायालय आहे. पण नव्या संहितेत १७५(४) ही तरतूद आलीय. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल तक्रार असेल, तर तपासाचा आदेश देण्याआधी दंडाधिकाऱ्याने त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवायचा आणि त्याचं म्हणणंही विचारात घ्यायचं. बघा, फाइल फिरून पुन्हा त्याच टेबलावर आली.

जमाव पांगवताना केलेल्या कारवाईबद्दल तर कलम १५१ चं वेगळं कवच आहे, पोलिसांवर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. आणि चौकशी आयोग? १९५२ च्या कायद्याखालचा आयोग सत्य शोधतो, शिफारस करतो, पण शिक्षा देत नाही. त्याचा अहवाल सहा महिन्यांत कृती अहवालासह विधिमंडळात मांडायचा असतो. ‘आयोग नेमला’ ही बातमी ऐकली की प्रकरण मिटलं असं समजू नका. खरा पाठपुरावा तिथून सुरू होतो.

एक वेगळं टेबल मात्र आहे: राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. २०१४ च्या कायदा दुरुस्तीने ते महाराष्ट्रात आलं. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, आणि नागरी समाजातली एक व्यक्ती सदस्य. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं अशा तक्रारी तिथे करता येतात. मर्यादा दोन: सेवेतला वरिष्ठ पोलीस अधिकारीही सदस्यांत असतो, आणि प्राधिकरण सरकारला शिफारस करतं. तरी तिथे नोंद झालेली तक्रार ठाण्याच्या ड्रॉवरमध्ये हरवत नाही.

आणि तुमच्या हातातला मोबाईल

बऊरला कॅमेरे होते म्हणून पोलिसांच्या दाव्याला प्रश्न विचारता आले. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, त्यामुळे तिथे रेकॉर्डिंग केलं म्हणून हेरगिरीचं कलम लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं. याचा अर्थ ठाण्यात जाऊन रील बनवा असा नाही. कामात अडथळा आणू नका, कुणाच्या, विशेषतः महिला तक्रारदाराच्या, खासगीपणाला धक्का लावू नका. व्हिडिओ एडिट न करता मूळ फाइल जपून ठेवा आणि लगेच दुसऱ्या जागी कॉपी करा. फॉरवर्ड करून करून चेपलेली क्लिप कोर्टात फारशी कामाची नसते.

पोलीस चौकीत चहा पिऊन सुटणारे प्रश्न चहा पिऊनच सोडवावेत, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या दिवशी संरक्षण मागणारा, परवानगी मागणारा आणि तक्रार करणारा माणूस तुम्ही असाल, त्या दिवशी साहेब चांगले आहेत एवढ्यावर अवलंबून राहू नका. कागद द्या, पोच घ्या, आणि तोच कागद दुसऱ्या खात्याच्या टेबलावरही ठेवा. सतीश शेट्टींनी कागद दिला होता. त्यावर वेळेत निर्णय घ्यायला भाग पाडणारं दुसरं टेबल तेव्हा नव्हतं. आज जी काही थोडी टेबलं आहेत, ती वापरली तरच टिकतील.

तुमच्या भागातलं ठाणं ग्रामीणकडे आहे की आयुक्तालयाकडे, ते आजच शोधून ठेवा. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा, ज्याच्या फोनवर १६८ ची पीडीएफ येऊन पडली आहे. भेटू पुढच्या भागात.